जुना बेत, नवे वस्त्र



आपल्या भाषेत 'बेत' हा शब्द मोठा कामाचा आहे. जेवणाचा बेत असतो, प्रवासाचा बेत असतो, पगार बेताचा असतो आणि एखादे प्रकरण जिवावरही बेतते. या साऱ्या अर्थांच्या शेजारी शिंप्याच्या दुकानातला अर्थ आजही जागा आहे. कापड हाताशी किती आहे आणि ते कोणाच्या अंगावर चढायचे आहे, या दोहोंचा मेळ कात्री चालवण्यापूर्वी घालणे म्हणजे बेतणे. मी आज बोलणार आहे तो या बेताविषयी. वस्त्र जीर्ण झाले, शिवणारा गेला, घालणारीही गेली आणि मागे केवळ बेत राहिला, तर त्यावरून ते वस्त्र पुन्हा उभे करता येते काय? आणि बेतही कागदावर राहिलेला नसेल तर काय करावे?

हा विषय इतिहासाच्या व्यासपीठावर कसा, अशी शंका कोणाला येईल. लढाया आणि तहनामे यांनीच इतिहास होतो असे मानणाऱ्यांशी वाद घालण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच म्हणतो, की माणसाला हात किती उंच करता येत होता, श्वास किती मोकळा घेता येत होता, घरात कापड किती होते आणि त्यातले वाया किती जाऊ द्यायचे याची किती काळजी होती, हे सांगणारा पुरावा तहनाम्यात सापडत नाही. तो काखेतल्या एका तिकोनी तुकड्यात सापडतो.

प्रथम ज्यांनी हा बेत कागदावर उतरवला त्यांच्याकडे जाऊ. स्पेनमधील हुआन दे अल्सेगा नावाच्या शिंप्याने १५८० साली माद्रिद येथे बेतकामाचे एक पुस्तक छापले. त्यातल्या आकृत्यांत अंगरखे आणि झगे यांचे तुकडे कापडाच्या पन्ह्यात कसे बसवावेत म्हणजे कापड कमीत कमी लागेल, हे दाखवले आहे. परंतु ते पुस्तक शिंप्यांचे होते. घरच्या बाईच्या हाती बेत आला तो फार पुढे, अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्समधील एबेनेझर बटरिक या शिंप्याने आणि त्याच्या पत्नीने १८६३ साली वेगवेगळ्या मापांचे कागदी बेत विकण्यास आरंभ केला. शिवणयंत्र तेव्हा नुकतेच घरोघर येऊ लागले होते. एलायस हाऊचे पेटंट १८४६ चे आणि सिंगरचे १८५१ चे. यंत्र आणि कागद या दोघांची गाठ पडली आणि गावोगावच्या गृहिणीला शहरातली तऱ्हा घरी बसून शिवता येऊ लागली.

या कागदी बेतांतले आज सर्वाधिक मोलाने जपले जातात ते १९२० ते १९४० या काळातले, आणि त्यातही संध्याकाळच्या पोशाखाचे. पाश्चात्यांत दिवसाचे कपडे वेगळे आणि रात्रीच्या भोजनाचे, नृत्याचे, नाटकाचे कपडे वेगळे, अशी कडक विभागणी होती. असा एखादा जुना लिफाफा हाती आला, तर आत पातळ, खाकी झाक आलेला कागद निघतो आणि पुष्कळदा त्यावर एक अक्षरही नसते! मॅक्कॉल या कंपनीने १९२० च्या सुमारास छापील बेत आणले. तोपर्यंत आणि इतर काही कंपन्यांच्या बाबतीत त्यानंतरही, कागदाला केवळ भोके पाडलेली असत. मोठे भोक एका अर्थाचे, लहान दुसऱ्या अर्थाचे. कापडाचा उभा धागा कोणत्या दिशेने धरायचा, चिमटा कोठे घ्यायचा, बाही कोठे जोडायची, हे सर्व त्या भोकांच्या भाषेत लिहिलेले. ती भाषा प्रथम शिकावी लागते.

मग खरे काम सुरू होते. मूळ कागदाला कात्री किंवा टाचणी लावायची नाही, हा पहिला नियम. दुसऱ्या कागदावर त्याची नक्कल उतरवायची. एका लिफाफ्यात एकच माप असे. तेव्हा आजच्या अंगाला ते बसवायचे तर छाती, कंबर आणि उंची यांचा हिशोब करून प्रत्येक तुकडा वाढवावा किंवा घटवावा लागतो. त्यानंतर 'माया' पाहायची. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आपले शिंपी माया म्हणतात. इतका गोड पारिभाषिक शब्द दुसऱ्या कोणत्या धंद्यात असेल असे मला वाटत नाही. काही जुन्या बेतांत माया धरलेली असते, काहींत मुळीच नसते. हे न पाहता जो कापतो त्याचा झगा अंगात जात नाही.

यानंतर मांजरपाटाचा कच्चा झगा शिवून पाहतात. तो अंगावर चढवला की कागदाने लपवलेल्या गोष्टी उघड होतात. जुन्या बेतातली कंबर आज आपण मानतो त्या जागी नसते. आत कोणती अंतर्वस्त्रे घातली जातील हे बेत करणाराने गृहीत धरलेले असते, आणि ती आज कोणी घालत नाही. चेन लावायची की नाही हाही प्रश्न असतो. १९३० च्या आगेमागे कडेला हूक नाही तर टिचबटणे असत. चेन त्या दशकाच्या उत्तरार्धात रुळली. सोयीसाठी चेन लावणाऱ्याला मी दोष देत नाही. मात्र त्याने जुना झगा पुन्हा उभा केला असे म्हणू नये. जुन्या तऱ्हेचा नवा झगा शिवला असे म्हणावे.

या काळच्या झग्यांची सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे उरेब कापड. पॅरिसच्या मादलेन व्हियोने या शिवणकार बाईने कापड उभ्या-आडव्या धाग्यावर न धरता तिरपे, उरेब धरून संपूर्ण झगे बेतले. लाकडाच्या अर्ध्या मापाच्या बाहुलीवर कापड टाकून ती आकार शोधीत असे. १९३९ साली तिने दुकान बंद केले, पण तिची रीत जगभर पसरली होती. उरेब कापड चिमटे न घेता अंगाबरोबर वळते, ही त्याची खुबी. आणि स्वतःच्या वजनाने लोंबून वाढते, ही त्याची खोड. म्हणून असा झगा शिवून झाला तरी त्याचा घेर लगेच दुमडत नाहीत. एक-दोन दिवस खुंटीला टांगून ठेवतात, लोंबायचे तेवढे लोंबू देतात, मग जमिनीपासून माप घेऊन खालची कड समान करतात. हे ज्ञान कागदावर नसते. ते हातात असते. माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा हाच, की कागदी बेत कितीही पूर्ण दिसला तरी त्याचा अर्धा भाग शिवणाराच्या हातात आणि उरलेला कापडाच्या स्वभावात दडलेला असतो.

कापडाचा विषय निघाला म्हणून आपल्या जंगलाकडे वळतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेत ज्या कापडाला 'टसोर' म्हणत, ते म्हणजे हिंदुस्थानातला टसर, आपला कोसा. त्याचा मूळचा मधासारखा रंग सुंदर, पण त्यावर दुसरा रंग नीट चढत नसे. इंग्लंडमधील लीक गावच्या थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याने वर्षानुवर्षे खटपट करून ते साधले आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात आपले रंगीत टसर मांडले. त्यानंतर हे रानटी रेशीम मडमांच्या पोशाखांत शिरले. ज्या किड्याचे हे रेशीम, त्याचीच जोपासना आपल्या भागात ऐन आणि अर्जुन या झाडांवर होते आणि धीवर समाजातील कुटुंबांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात कोष्टी या नावाचा संबंध कोशाशीच जोडला आहे. गोंदिया १ मे १९९९ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी आपण भंडाऱ्याचेच होतो, तेव्हा मोहाडी आणि आंधळगाव इथले माग हे आपल्याच घरचे माग. तिथल्या करवती काठाच्या साडीत अंग कोशाचे, काठ करवतीच्या दात्यांसारखे, आणि दोन्ही काठांचे व अंगाचे बाणे वेगळे म्हणून तीन धोटे चालतात. या साडीचा बेत कागदावर नाही. तो मागावर आहे.

याच ग्रंथात शिंप्यांविषयी लिहिताना, शिवलेली वस्त्रे या देशात मुसलमानी अमलाबरोबर रूढ झाली अशा आशयाचे मत मांडले आहे. एके काळी ते सर्रास ऐकू येई आणि आजही ऐकू येते. मला ते पटत नाही. ऋग्वेदात सुईने शिवण्याचा उल्लेख आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात महाजनक जातकाचे चित्र आहे. त्यातल्या नर्तकीच्या अंगावर लांब बाह्यांचे शिवलेले वस्त्र स्पष्ट दिसते. डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांचा भारतीय वेशभूषेवरील ग्रंथ १९५१ साली आला. तो चाळला तरी हा प्रश्न किती गुंतागुंतीचा आहे हे ध्यानात येईल. न शिवलेल्या वस्त्राला आपल्याकडे मान अधिक होता, सोवळ्यात शिवलेले चालत नसे, हे खरे. पण मान नसणे वेगळे आणि माहीत नसणे वेगळे.

मराठी स्त्रीच्या अंगावर शिवलेले असे एकच वस्त्र होते, ते म्हणजे चोळी. आणि तिच्या बाबतीत आपल्या लोकांनी बेताचा प्रश्न असा सोडवला, की कागदाची गरजच उरली नाही. आपण खण म्हणतो तो काय आहे? एका चोळीपुरते कापड. गुळेदगुडच्या मागावर तो विणला जातो तो अरुंद पन्ह्याचा, दोन्ही बाजूंना काठ असलेला. चोळीची पाठ, दोन बाह्या, पुढचे दोन भाग, गाठ मारण्याची टोके आणि काखेतले छोटे तुकडे, एवढे सारे त्या एका खणातून निघते. काठ बाहीच्या कडेला येतात. छातीशी चिमटा नाही, बटण नाही, हूक नाही. तिकोनी तुकड्याची तिरपी कड ताणली जाते आणि चोळी अंगाला बसते. व्हियोनेने जो उरेबाचा गुण संपूर्ण झग्यात खेळवला, तो चोळीच्या शिंप्याला वीतभर जागेत ठाऊक होता. कापायला बसताना तो माप फारसे घेत नसे. कापडाचा पन्हा हेच माप होते.

म्हणजे बेत मागावरच सुरू होई. आजही ओटी भरताना आपण न कापलेला खण देतो, तेव्हा एका अर्थी तो बेतच देतो. फक्त घेणारीच्या घरी तो उलगडणारे आता कोणी नसते. पुष्कळ खण ओटीतून ओटीत फिरत राहतात.

आपल्याकडे संध्याकाळचा पोशाख होता काय? गाऊनच्या अर्थाने नव्हता. पण चैत्रातले हळदीकुंकू संध्याकाळीच व्हायचे, आणि आंब्याची डाळ, पन्हे, ओले हरभरे यांच्याबरोबर ठेवणीतले लुगडे आणि ठेवणीतली चोळी त्याच वेळी ट्रंकेतून बाहेर यायची. दिव्याच्या उजेडात जर कसा दिसेल हे पाहूनच ती निवडलेली असत. पुढे आपल्यातल्या एका राजकन्येने पाश्चात्य संध्याकाळीलाही उत्तर दिले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची कन्या इंदिराराजे, १९१३ साली कूचबिहारच्या घराण्यात गेल्या. तलम शिफॉनची साडी रुळवण्याचे श्रेय त्यांना देतात. युरोपातल्या मेजवान्यांत गाऊनांच्या मध्ये त्या साडीत वावरल्या. तिथेही शिवलेला भाग एकच होता, पोलके.

चोळीचे पोलके कसे झाले, हा या कथेतला मोलाचा टप्पा आहे. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. तिकडच्या थंडीत नऊवारीने पोटऱ्या उघड्या राहणार, म्हणून त्यांनी साडी गुजराती पद्धतीने नेसण्याचे पत्करले. फिलाडेल्फियात १० ऑक्टोबर १८८५ रोजी एका जपानी आणि एका सीरियन सहाध्यायिनीबरोबर काढलेले त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात तिघीही आपापल्या देशाच्या वेषात आहेत. अठरा वर्षांच्या मुलीने परदेशी जाताना धर्म बदलला नाही, आहार बदलला नाही, नेसण्याची तऱ्हा मात्र विचारपूर्वक बदलली. नुसत्या चित्रावरून वस्त्र पुन्हा बेतण्याची ज्यांना हौस आहे, त्यांनी हे चित्र समोर ठेवावे. चित्र पुढची बाजू दाखवते. पाठ, काख आणि आतली शिवण तर्काने भरून काढावी लागते, आणि तो तर्क करायला त्या काळची दुसरी एखादी खरी चोळी किंवा जाकीट हाताळलेले असावे लागते.

इकडे नागपुरास जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. त्या दशकानंतर काही वर्षांतच आगगाडी आपल्या भागातून पूर्वेकडे गेली आणि पुढे गोंदिया जंक्शन झाले. गिरणीचे कापड हातमागाच्या खणापेक्षा रुंद आणि स्वस्त. कापडाचा पन्हा बदलला की बेत बदलतोच. रुंद कापडातून तिकोनी तुकडे जोडत बसण्याचे कारण उरले नाही. सबंध पुढा आणि सबंध पाठ एकदम कापता येऊ लागली. पण सबंध तुकडा अंगाला बसत नाही. त्यासाठी चिमटे आले, हूक आले, मुंढ्याला गोलाई आली आणि गोलाई काढायची म्हणून माप आले. चोळी मागे पडण्याचे श्रेय आपण फॅशनला देतो. माझ्या मते त्यातला निम्मा वाटा कापडाच्या पन्ह्याला द्यायला हवा.

आणि माप आले म्हणून कागद आला. गावोगावच्या शिवणवर्गांतून मुली खाकी कागदावर बेत काढू लागल्या. छातीचा पाव भाग अधिक एक इंच, मुंढ्याची खोली इतकी, गळ्याची रुंदी इतकी, असे हिशोब वहीत उतरले. प्रत्येक बेत पाव मापात कापून वहीच्या पानावर चिकटवायचा, त्यासमोर रीत लिहायची, असा शिरस्ता असे. पफ बाहीचे पोलके, परकर, झबले, टोपरे, सदरा, आणि मागच्या पानांवर काज, हेम, उलटी टीप आणि साखळी टाक्याचे नमुने. परीक्षा झाली, लग्न झाले, वही ट्रंकेत गेली. बटरिकचा लिफाफा जसा तिकडच्या इतिहासाचे साधन झाला, तशी ही वही इकडची आहे. फरक इतकाच, की तो लिफाफा आज तिकडे जपून ठेवतात आणि ही वही रद्दीत जाते.

अशी वही हाती आली तर वाचताना एक जपावे. दशमान मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि त्यानंतरच्या काही वर्षांत कापडबाजारातून वार जाऊन मीटर आला. त्यापूर्वीच्या वहीत 'सव्वा वार' लिहिले असेल तर ते पंचेचाळीस इंच, म्हणजे मीटर आणि सुमारे चौदा सेंटिमीटर. पन्हाही तेव्हाचा धरावा. आजच्या रुंद कापडावर तेच तुकडे मांडले तर जोड कोठे होता हे कळणार नाही, आणि मूळ पोलक्यात जोड होता ही गोष्टच नाहीशी होईल.

पुनर्निर्मितीच्या या विद्येत जिचे नाव जगाने घेतले ती स्त्री मराठीच होती, हे येथे सांगितले पाहिजे. कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये, म्हणजे भानू अथय्या, यांचा जन्म १९२९ चा. जे. जे. कलाशाळेत शिकल्या, चित्रकार म्हणून निघाल्या आणि वेशभूषेकडे वळल्या. 'आम्रपाली'साठी (१९६६) त्यांनी अजिंठ्याची चित्रे अभ्यासली. 'गांधी' चित्रपटात आफ्रिकेतल्या तरुण बॅरिस्टरापासून १९४८ पर्यंतचा काळ वस्त्रांतून उभा करायचा होता. त्यासाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह त्यांना ऑस्कर मिळाले, आणि ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. 'लगान'मध्ये १८९३ सालचे शेतकरी आणि त्यांच्याशेजारी गोऱ्या बाईचे घोळदार झगे, दोन्ही एकाच पडद्यावर खरे वाटावे लागले. २०१२ साली त्यांनी ऑस्करची मूर्ती जतनासाठी अकादमीकडे परत पाठवली. आपल्यामागे वस्तू कशा राहतात याविषयी त्यांच्या मनात भ्रम नव्हता, असे यावरून दिसते. २०२० साली त्या निवर्तल्या.

चित्रपटाचे वस्त्र आणि इतिहासाचे वस्त्र यांत मात्र भेद करावा. पडद्यावर बाहेरची बाजू खरी असली की पुरते. इतिहासाला आतली बाजू हवी असते. इंग्लंडच्या जॅनेट अर्नोल्ड यांनी हेच काम केले. त्या संग्रहालयांत जाऊन जुनी वस्त्रे उलटीसुलटी करून मोजत, आणि चौकटीच्या कागदावर प्रत्येक तुकडा, प्रत्येक जोड, प्रत्येक दुरुस्ती उतरवीत. १९६४ आणि १९६६ साली निघालेल्या त्यांच्या दोन भागांत १६६० ते १९४० पर्यंतची स्त्रियांची वस्त्रे आहेत. मूळ वस्त्र उद्या विरून गेले तरी कोणीही शिवणारी ते पुन्हा शिवू शकेल. मराठी चोळीची, बाराबंदीची अशी पाने आपल्याकडे घरोघर व्हायला हवीत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी वस्त्रे आहेत, पण काचेतून काख दिसत नाही.

यासाठी विद्वान लागत नाही. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजीची चोळी असेल, तर ती धुऊ नये, उसवूही नये. स्वच्छ पांढऱ्या कापडावर पसरावी. प्रथम कापडाचा उभा धागा कोणत्या तुकड्यात कोणत्या दिशेने जातो ते पाहावे. तेवढ्यावरून खणाची मांडणी निम्मी समजते. मग काठ कोठे कोठे आला आहे ते लिहावे. प्रत्येक तुकड्याच्या चारी बाजू दोऱ्याने मोजाव्यात, टेपाने ओढून मोजू नयेत, कारण तिरपी कड ओढली की लांबते. आतून माया किती आहे, टाका हाताचा की यंत्राचा, एका इंचात टाके किती, ठिगळ कोठे आहे, हे नोंदवावे. नंतर चौकटीच्या कागदावर ते तुकडे उतरवून एका आयतात बसवून पाहावेत. सगळे बसले आणि कापड फारसे उरले नाही, तर खण सापडला. त्यावरून प्रथम मांजरपाटाची एक चोळी शिवावी आणि घालून पाहावी. हात वर होत नसेल तर काखेतला तुकडा उलटा लागला आहे. आणि मूळ चोळीच्या गाठीची टोके चुरगळलेली असतात, त्यांना इस्त्री लावू नये. गाठ कोठे आणि किती ओढून मारली जाई, हे त्या चुण्यांवरूनच मोजता येते.